सातवी सही

माणसं न दुखावण्यात माझा हात कोणी धरणार नाही! जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये अकरा वर्षं काढली, पण मराठी मंडळातल्या एकाशीही माझं वाजलेलं नाही. युक्ती सोपी आहे. समोरचा जे म्हणेल त्याला 'अगदी बरोबर' म्हणायचं आणि घरी यायचं.

यंदा मंडळाच्या अध्यक्षपदासाठी दोघं इच्छुक होते. मतदानाच्या आधी अर्जावर निदान सात सभासदांच्या पाठिंब्याच्या सह्या लागतात. पहिल्या नीताताई. आमच्या उर्जाला रोज शाळेतून घरी आणतात त्या याच. त्या फॉर्म घेऊन आल्या तेव्हा एकवीस सह्या आधीच झाल्या होत्या.

"हृषिकेश, तुला मी धरूनच चालले होते."

"अगदी बरोबर," म्हणत मी बाविसावी ठोकली.

दुसरे चंद्रशेखरराव. वय अठ्ठावन्न. पंप बनवणाऱ्या कंपनीत सव्वीस वर्षं इंजिनिअर होते आणि मार्चमध्ये त्यांचा अख्खा विभागच बंद झाला. तेव्हापासून माणूस सोफ्यावर. दाढी वाढलेली, पडदे ओढलेले, टीव्ही चालू पण आवाज बंद. त्यांचा फॉर्म घेऊन वासंतीवहिनी आल्या.

"भाऊजी, सहा झाल्या, सातवी मिळत नाहीये. घरी बसलेला माणूस अध्यक्ष कशाला, म्हणतात लोक. पण अर्ज भरायचं ठरल्यापासून हे सकाळी उठून आंघोळ करतात हो. हेही गेलं तर मला भीती वाटते."

कसली भीती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सही केली.

शेजारी गृहपाठ करणारी उर्जा वहिनी गेल्यावर म्हणाली, "पापा, दास गेट निश्त." म्हणजे असं चालत नाही. त्यांच्या वर्गातसुद्धा प्रतिनिधी निवडताना एकालाच पाठिंबा देतात म्हणे. मी तिला पाढे म्हणायला बसवलं.

खरं तर नीताताईंकडे जाऊन सही मागे घ्यायची, एवढंच करायचं होतं. वाक्य एकच होतं. तीन दिवस मी ते आरशासमोर म्हटलं. चौथ्या दिवशी नीताताईंनी उर्जाच्या हाती सुरळीच्या वड्या पाठवल्या आणि माझा धीर सुटला. शिवाय दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून बघणार कोण?

श्रीरंग बघणार. आमचा निवडणूक अधिकारी पंचवीस वर्षं जर्मनीत आहे. बिस्किटाचा पुडा फोडायचा तरी तो आधी मंडळाची घटना वाचतो.

सभेत चंद्रशेखरराव पहिल्या रांगेत होते. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात चार पानी भाषण. श्रीरंग उभा राहिला.

"आल्झो, तर मग, एका सभासदाने दोन्ही अर्जांवर सही केली आहे. कलम नऊप्रमाणे ती दोन्हीकडे बाद. नीताताई, एकवीस. चंद्रशेखरराव, सहा. त्यांचा अर्ज रद्द."

"कोण तो?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाव देता येत नाही. डाटेनशुट्झ."

गोपनीयतेच्या ज्या कायद्याला मी अकरा वर्षं शिव्या घातल्या, त्यानेच मला वाचवलं! सुटलो, असं वाटलं आणि मग माझं लक्ष चंद्रशेखररावांकडे गेलं. ते भाषणाची घडी उघडत होते आणि परत घालत होते. मला माझी शिसारी आली.

आता हा माणूस पुन्हा सोफ्यावर जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. सोमवारी सकाळी अकराला बेल वाजली. मी घरूनच काम करतो. दारात चंद्रशेखरराव होते, दाढी केलेले, हातात फाइल.

"सातांपैकी एक जण फितूर आहे," ते म्हणाले. "तुझ्याबद्दल खात्री आहे, म्हणून तुझ्याकडे आलो. बाकीचे सहा आपण तपासू."

तेव्हापासून ते रोज येतात. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये माइक बंद करून बसतो आणि ते माझ्या डायनिंग टेबलावरून एकेकाला फोन लावतात. आधी तब्येतीची चौकशी, मग उलटतपासणी. सगळं तारीखवार लिहून काढतात. वासंतीवहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमच्यामुळे हे माणसात आले. नीट जेवतात आता."

दोनदा कबुली ओठांवर आली. पण कबूल केलं की तपास संपला, आणि तपास संपला की पुन्हा तो सोफा. निदान मी स्वतःला तसं सांगतो. भ्यायलो असेन असंही असेल.

काल सहावा माणूस निर्दोष सुटला. चंद्रशेखरराव बराच वेळ यादीकडे बघत राहिले. सहा नावांवर काट होती. सातव्या नावाकडे ते बघत नव्हते.

"चंद्रशेखरराव," मी म्हणालो, "मला एक सांगायचंय."

"आज नको." त्यांनी पानं नीट जुळवली आणि फाइल बंद केली. "माझीच कुठेतरी मोजदाद चुकली असणार. पहिल्या नावापासून परत बघायला हवं. उद्या अकराला येतो."

आता पावणेअकरा झालेत. मी दोघांचा चहा टाकलाय.