मुलगी पळते आहे

देवरावांनी ठरवलं ते एवढंच, की रविवारी मुलीला लिंबू-साखर-मिठाचं पाणी नेऊन द्यायचं. याहून लहान गोष्ट माणसानं ठरवून दाखवावी.

मुलीनं स्पष्ट सांगितलं होतं. “बाबा, प्लीज, तुम्ही येऊ नका. रूटवर पाणी असतं, सगळं असतं. मी फिनिश करून घरी येते.”

“नाही येत,” देवराव म्हणाले आणि स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आणलं.

जयवंता (आजीचं नाव, कंपनीत ती जया) बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन पळणार होती. ती पळायला का लागली, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. नांदेडच्या एकनाथरावांच्या मुलाशी तिचा साखरपुडा झाला होता. मग आंध्राचे दोन तुकडे होणार हे पक्कं झालं आणि एकनाथरावांनी निरोप धाडला, की हैदराबादचं आता काही खरं नाही, मुलीची नोकरी राहते की जाते कोण सांगावं, तेव्हा राहू द्या. त्यानंतर जयवंता घरात बोलेनाशी झाली आणि उजाडायच्या आत पळायला जाऊ लागली. बरकतपुऱ्याच्या गल्लीतल्या कुत्र्यांना तिची सवय झाली, बापाला झाली नाही.

देवरावांचं स्वतःचंही त्या वर्षी धड नव्हतं. त्यांच्या सरकारी कचेरीची वाटणी चालली होती. कपाटं आंध्राची, टेबलं तेलंगणाची. (पंखा कुणाचा यावर दोन बैठका झाल्या, तोवर तो बंद होता.) देवराव कुणाचे, ते मात्र ठरत नव्हतं. जो तो विचारी, “तुम्ही मूळचे कुठले?” ते म्हणत, “इथलेच.” समोरचा हसे. निदान एका रविवारी रस्त्याच्या कडेला उभं राहून आपण कुणाचे तरी आहोत, हे त्यांना दाखवायचं होतं.

शर्यतीचा रस्ता दोन गल्ल्या पलीकडे राहिला आणि एका कॉन्स्टेबलनं स्कूटर अडवली. तो वरंगलकडून बंदोबस्ताला आलेला. गाडी सोडायची नाही, एवढंच त्याला सांगितलेलं. पलीकडे काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता.

“किधर जारे चचा? रस्ता बंद है.”

“जाने दो साब,” देवराव काकुळतीनं म्हणाले. “मेरी बेटी भाग री.”

कॉन्स्टेबलचा चेहरा बदलला. “कब से?”

“सुबू से. अंधेरे में घर से निकली.”

“अकेली?”

“नै, आफिस का एक लडका है साथ में. रोज उसीच के साथ भागती.”

“रोज?” कॉन्स्टेबलनं टोपी काढली. “आप लोगां कुछ नै बोले?”

“क्या बोलना? उसकी अम्मा रात को भात खिला को सुलाई, ताकत रहना बोल के.”

कॉन्स्टेबलनं खिशातून वही काढली. मग त्यानं नाव विचारलं, वय विचारलं, अंगात कपडे काय ते विचारलं. देवराव म्हणाले, “लाल बनियन, काली चड्डी.” त्यानं मान दुसरीकडे वळवली, मोबाईलवरचा फोटो मागून घेतला आणि वायरलेसवर तेलुगूत भरभर काहीतरी सांगितलं. देवरावांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. पाण्याची बाटली पोहोचवायची व्यवस्था चालली आहे, असं समजून ते मनात म्हणाले, नवीन राज्याचे पोलीस फार चांगले आहेत.

एवढ्यात मोठ्या रस्त्यावरचा लाउडस्पीकर बोलू लागला. “बेटी जयवंता, बरकतपुरा. तुम जहाँ हो, रुक जाओ. तुम्हारे पिताजी रो रहे हैं. उन्होंने तुम्हें माफ कर दिया है. घर में कोई कुछ नहीं बोलेगा.”

देवरावांच्या हातातला चहा सांडला. “वैसा भागना नै साब,” ते उठत म्हणाले, “ये वाला भागना,” आणि कॉन्स्टेबलला त्यांनी जागच्या जागी पळून दाखवलं. त्यानं त्यांना खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं. धक्क्यानं माणसं असं करतात, हे त्यानं पाहिलेलं होतं.

जयवंताला जीपमधून आणलं. दोन महिला पोलिसांनी तिला शेवटच्या वळणावर पकडलं होतं. तिथून, शर्यत संपायची त्या स्टेडियमचं गेट दिसत होतं. मागून येणारे बाजूनं पळत गेले. काहींनी जाता जाता फोनमध्ये शूटिंगही केलं.

“तुम्ही काय सांगितलं त्यांना?” तिनं विचारलं.

“पळतेय म्हणून सांगितलं.”

सगळा उलगडा झाल्यावर जीपबरोबर आलेला इन्स्पेक्टर खजील झाला. पुन्हा त्याच जागी सोडतो, म्हणाला. “गाडीत बसलं की संपलं, सर,” जयवंता म्हणाली. देवरावांनी बाटली पुढे केली. तिनं ती घेतली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी गटारात ओतलं. रिकामी बाटली मात्र नीट झाकण लावून परत दिली.

जेवणं होईतो तो व्हिडिओ नांदेडला पोहोचला होता. फोन एकनाथरावांचा. या माणसाला काय काय सुनवायचं, हे देवरावांनी महिनोन् महिने अंथरुणात घोकलं होतं.

“जय भीम, देवराव. सापडली का पोरगी?”

देवरावांनी सगळं समजावून सांगितलं. मॅरेथॉन म्हणजे काय, बेटी म्हणजे कोण, भागना म्हणजे कोणतं. एकनाथरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“असू द्या,” ते म्हणाले. “घरोघरी असतं. आम्ही वेळीच थांबलो, दोघांचंही भलं झालं. नाही का?”

“हो,” देवराव म्हणाले. घोकलेल्यातलं तोंडातून निघालं ते एवढंच, आणि तेही घोकलेल्यात नव्हतं.

फोन ठेवून ते वळले, तर जयवंता दारात उभी. स्पीकरवरचं सगळं ऐकलेलं. ती आपल्या खोलीकडे निघाली, पण गुडघे वाकेनात. देवरावांनी लगबगीनं हात पुढे केला.

तिनं भिंत धरली.

“राहू द्या बाबा,” ती म्हणाली. “ही बरी. कुणी काही विचारलं तरी ही ‘हो’ म्हणत नाही.”