गफूर मामूंचा भरवसा

माझं लग्न घड्याळाच्या काट्यावर पार पडणार होतं. महिनाभर आधीपासून मी हे जळगावातल्या आमच्या सगळ्या पिंप्राळ्यात सांगत होतो. एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. रोज माणसांचा अख्खा घोळका वेळेवर मशीनपुढे उभा करतो. तिथं एका नवरदेवाला वेळेवर काझीपुढे बसवायचं, आणि तो नवरदेवही मीच, यात अवघड ते काय? घरात आम्ही उर्दू-हिंदीची खिचडी बोलतो, पण शिकलो मराठी शाळेत, आणि फजिती सांगायला मला मराठीच जवळची वाटते.

वेळेचा एवढा बाऊ करण्याला कारण होतं. माझे होणारे सासरे, नसीमखान. वरणगावच्या फॅक्टरीत त्यांनी अख्खी नोकरी काढली, निवृत्त झाले, पण भोंगा अजून त्यांच्या अंगात वाजतो. त्यांच्या मुलीला, नाजमीनला, बघायला माझ्याआधी धुळ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, घर स्वतःचं, दिसायलाही माझ्यापेक्षा बरा. पण मंडळी तासभर उशिरा पोचली. नसीमखानांनी त्यांना चहा पाजला, बिस्किटं खाऊ घातली आणि मुलगी न दाखवता दारातूनच खुदा हाफिज केलं. हा किस्सा मला त्यांनी स्वतः सांगितला होता. सांगताना हसत नव्हते.

निकाह वरणगावला, दुपारच्या नमाजनंतर, दोन वाजता. काझीसाहेबांना नंतर भुसावळला दुसरा निकाह लावायचा होता, म्हणजे थांबायची सोय नव्हती. मी सगळी आखणी केली. वऱ्हाडाची बस दहालाच पुढे काढली. नवरदेवाची सजवलेली गाडी मागून निघणार. चूक व्हायला जागाच नव्हती.

फक्त ती गाडी गफूर मामूंची होती.

गफूर मामू म्हणजे अम्मीचे एकुलते एक भाऊ. स्कूटरच्या सीट कव्हरचं दुकान आहे त्यांचं. आहे म्हणजे शटर आहे. ते कधी वर जाईल याचा नेम नाही. विचारलं तर म्हणतात, "रोजी देणारा अल्लाह आहे बेटा. गिऱ्हाईक नशिबात असेल तर बंद शटरमधूनही येईल." छत गळतं, पण ताडपत्री टाकत नाहीत. दाढ दुखते, पण डॉक्टरकडे जात नाहीत. कुठलंही काम सांगा, हात वर करून म्हणतात, "तवक्कल करा, तवक्कल." म्हणजे अल्लाहवर भरवसा ठेवा. आता भरवसा अम्मीही ठेवते. पण ती आधी दाराला कडी लावते, गॅस बंद झाला का बघते आणि मग अल्लाहचं नाव घेऊन झोपते. मामूंनी मधलं सगळं गाळून टाकलंय. ते थेट झोपतात.

अशा माणसाच्या गाडीत मी का बसलो? अम्मीची इच्छा होती. भाच्याची वरात मामूच्या गाडीतून निघाली नाही तर भाऊ रुसेल. तरी मी आदल्या दिवशी खबरदारी म्हणून विचारलं होतं.

"मामू, पेट्रोल भरलंय ना?"

"फिकर नको करू. इन्शाअल्लाह."

इन्शाअल्लाह फार मोठा शब्द आहे. अल्लाहची मर्जी असेल तर मी हे करेन, असा माणसाने दिलेला शब्द आहे तो. मामूंच्या तोंडी मात्र त्यातला 'मी करेन' कुठंच नसतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या दिवशी हळदीचा वास, पाहुण्यांची गडबड. मी 'हो' ऐकलं आणि पुढच्या कामाला लागलो.

साडेबाराला निघालो. मे महिना, ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. मी बदामी शेरवानीत, डोक्यावर गुलाब-मोगऱ्याचा सेहरा, मामू स्टिअरिंगवर. माझा फोन अम्मीकडे, कारण शेरवानीला शिंप्याने खिसाच ठेवला नव्हता. मामूंकडे फोन आहे, तेवढा पुरे, असं मी म्हटलं होतं. असं मी बरंच काही म्हटलं होतं.

जळगाव सोडायच्या आतच पेट्रोलचा काटा दिसला. काटा झोपला होता, मामूंसारखाच.

"मामू, पंप आला. थांबवा."

"इथं रांग आहे. पुढे मिळेल."

"गाडी पुढे गेली तर मिळेल ना."

"तनवीर, आज तुझा निकाह आहे. आजच्या दिवशी तरी ईमान पक्कं ठेव."

नवरदेवाने मामाशी भांडू नये म्हणतात. मी नाही भांडलो. नशिराबाद मागे पडलं आणि थोडं पुढे जाऊन गाडीने दोन उचक्या दिल्या. मग एक लांब सुस्कारा सोडून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बॉनेटवरची फुलांची झालर तेवढी हलत होती.

"मामू, फोन द्या."

मामूंनी फोन काढला, आरशासारखा धरून बघितला आणि खिशात ठेवला. "चार्जिंग नाही. रात्री लावायचा राहिला."

"अल्लाहने लावला नाही का?" मी विचारलं.

"तोबा कर," मामू म्हणाले. मी तोबा केला. चूक माझीच होती, यात अल्लाहचा काय संबंध? त्याने वीज दिली होती, भिंतीत बोर्ड दिला होता, मामूंना दोन धड हात दिले होते. आणखी काय द्यायचं?

मी गाडी ढकलायला लागलो. मागचा पंप दूर, पुढचा कुठं आहे ते दोघांनाही ठाऊक नाही. सेहऱ्याच्या लडी तोंडावर, त्यामुळे मला फक्त डिकी दिसत होती. मामू स्टिअरिंग धरून आत बसले होते. कुणीतरी धरायला हवंच ना, असं त्यांचं म्हणणं. बाजूने जाणारे मोटारसायकलवाले वेग कमी करून बघत आणि पुन्हा वाढवत. एकाने तर व्हिडिओ काढला. मला डोळ्यांपुढे नसीमखान दिसायला लागले. हातात चहा, बशीत बिस्किटं.

शेवटी मी सेहरा वर सारला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. दोन ट्रक हॉर्न वाजवत कडेने गेले. तिसरा एक टेम्पो होता, तो थांबला. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा खिडकीतून वाकला. शिरपूरकडचे अभिमन आबा, बोली अहिराणी. लेकीला दिलेली म्हैस तिच्या घरी वरणगावला पोचवायला निघाले होते.

"काय व्हयनं भाऊ? नवरदेव शे का हाऊ?"

"नवरदेवच आहे," मी म्हणालो. "दोन वाजता निकाह आहे, वरणगावलाच. आबा, सोडता का?"

"सोडसू ना. पन पुढे जागा नही, बाई बठेल शे. मांगे बसा, म्हैसजोडे."

बाई म्हणजे त्यांच्या घरच्या, भिकुबाई. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या शेरवानीकडे बघितलं आणि मांडीवरची पिशवी जरा आणखी घट्ट धरली. जागा देणार नव्हत्या. मी मागे चढलो. मामू गाडी तशीच सोडून निघाले होते; किल्ली काढून दारं मीच बंद केली होती.

वर चढताच मामू म्हणाले, "बघितलंस? मी म्हणालो होतो की नाही. अल्लाहने पाठवला." त्यांच्या चेहऱ्यावर असा तृप्त भाव होता, जणू टेम्पो त्यांनीच आदल्या दिवशी सांगून ठेवला होता.

म्हैस मोठी होती आणि दोन दोरांनी पक्की बांधली होती. एक दोर गळ्याला, एक शिंगांना. मामूंना तिची दया आली. काचेच्या फटीतून त्यांनी आबांना विचारलं, "एवढी करकचून कशाला बांधली? देवावर भरवसा नाही का तुमचा?"

आबांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "देव शे ना भाऊ. पन म्हैसले कोठे ठाऊक शे?"

मला ते इतकं पटलं की मी त्यांचे हात धरले असते. मामूंना नाही पटलं. भुसावळ ओलांडताना मी घाम पुसायला क्षणभर डोळे मिटले, तेवढ्यात त्यांनी शिंगांचा दोर सोडला. "मुकं जनावर आहे," म्हणाले, "काही करत नाही. तवक्कल कर."

मुक्या जनावराने मान फिरवली, माझ्या डोक्यावरचा सेहरा हुंगला आणि खायला सुरुवात केली. मी ओढतो, म्हैस ओढते. लडी तिच्या तोंडात, गाठ माझ्या डोक्याला. मी ओरडलो नाही, कारण ओरडायला तोंड उघडलं असतं तर शेपटी आत गेली असती. म्हैस आता पुरती आडवी फिरली होती आणि ती शेणाने माखलेली शेपटी बदामी शेरवानीवर डावीकडून उजवीकडे फिरत होती. मामू कोपऱ्यात उभे राहून दुवा म्हणत होते. दोर त्यांच्या हातातच होता. बांधत मात्र नव्हते.

आबांनी टेम्पो थांबवला, मागे आले आणि बघत राहिले. "दोर कोनी सोडा?"

मामू आकाशाकडे बघायला लागले.

आबांनी म्हैस पुन्हा बांधली. भिकुबाई उतरून आल्या होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावर उरलेले रिकामे दोरे बघितले आणि समजूत घातली, "फुलं ताजा व्हतात, म्हनीसन खादात तिनी." मग पिशवीतून ओला नॅपकिन काढून माझ्या हातात दिला. मी पुसलं. पुसल्यामुळे डाग सगळीकडे सारखा पसरला, एवढंच.

मंडपाशी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. दारावर नाजमीनचा कुणी चुलत भाऊ स्वागताला उभा होता. त्याने हात आडवा केला.

"जनावराची गाडी इथं नको. नवरदेव यायचाय."

"मीच नवरदेव."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "नवरदेव सजवलेल्या गाडीतून येतोय."

"तो नशिराबादला आहे. म्हणजे गाडी नशिराबादला आहे. नवरदेव मी."

त्याने आत जाऊन कुणाला तरी विचारलं. मंडपातून अम्मीची किंकाळी ऐकू आली, तेव्हा त्याची खात्री पटली.

काझीसाहेब रजिस्टर काखेत मारून उठलेच होते. नसीमखान त्यांच्या शेजारी, मनगट डोळ्यांपुढे धरून. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. गुलाबाची एक पाकळी माझ्या कानाला चिकटली होती. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा घड्याळाकडे बघितलं. मी मनात धुळ्याच्या त्या इंजिनिअरची माफी मागितली. तो निदान स्वच्छ कपड्यांत आला होता.

तेवढ्यात मामू पुढे सरसावले. "नसीमभाई, काय सांगू अल्लाहची करामत. पेट्रोल संपलं. फोन बंद. भर उन्हात रस्त्यावर. पण मी म्हटलं, तवक्कल. आणि टेम्पो हजर. माझा भरवसा डगमगला नाही."

काझीसाहेब पुन्हा खाली बसले. चष्मा पुसून माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे बघत म्हणाले, "गफूरभाई, पेट्रोल भरून गाडी अल्लाहच्या हवाली केली असती तर तो तवक्कल झाला असता. न भरता केली, तो आळस. आळसाला अल्लाहचं नाव देऊ नका. आता बाजूला व्हा, मुलाला बसू द्या. त्याने ढकलत का होईना, यायची मेहनत केलेली दिसते."

नसीमखानांनी माझ्या शेरवानीकडे आणखी एकदा बघितलं. त्यातली गाडी ढकलल्याची काळी वंगणाची खूण कुठली आणि म्हशीची कुठली, याचा जणू हिशेब लावत होते. मग त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

"सुरू करा," ते म्हणाले.

मला वाटलं, आता तरी मामूंची मान खाली जाईल. मामू डोळे मिटून डोलत होते. "वा," म्हणाले, "काझीसाहेब काय बोलले तवक्कलवर." जेवणाच्या वेळी ते पंगती-पंगतीतून फिरून सांगत होते की काझीसाहेबांनी भर मंडपात त्यांचं नाव घेऊन तवक्कलवर बयान, म्हणजे प्रवचन, केलं. आबा आणि भिकुबाई म्हैस लेकीकडे बांधून जेवायला आले होते, त्यांनाही सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि आणखी एक जिलेबी मागितली.

परत येताना मी आणि नाजमीन वऱ्हाडाच्या बसनेच निघालो. सासऱ्यांचा कुर्ता माझ्या अंगात, गुडघ्यांच्या खाली लोंबणारा. मामू पुढच्या सीटवर घोरत होते. आता निवांतपणा मिळाला म्हणून मी नव्या बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. शटर सांगितलं, छत सांगितलं, दाढ सांगितली. म्हटलं, "एवढा मोठा माणूस आणि गाडीत पेट्रोल नाही. फोनला चार्जिंग नाही. सगळं कुणावर तरी टाकून मोकळा. अशा माणसाला काय म्हणावं?"

नाजमीनने ओढणी जरा मागे सारली. लग्नानंतरचं तिचं माझ्याशी हे पहिलंच बोलणं.

"पेट्रोल आहे का, हे तुम्ही उतरून बघितलं होतं?"

"नाही. मामू म्हणाले होते ना."

"स्वतःचा फोन?"

"अम्मीकडे होता. मामूंकडे आहे म्हणून..."

तिने घोरणाऱ्या मामूंकडे एकदा बघितलं. मग अगदी हळू आवाजात, पुढच्या सीटवर ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे झुकून म्हणाली,

"मामूंनी निदान अल्लाहवर भरवसा ठेवला होता. तुम्ही तर मामूंवर ठेवलात."

पुढचा सगळा रस्ता मी सासऱ्यांच्या कुर्त्याची बटणं लावत होतो. त्याला तीनच बटणं होती.