ऐन पूजेत उठणारा कॉम्प्युटर

शिरूर अनंतपाळच्या मन्मथअप्पांचा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला आपोआप जागा व्हायचा. दुसऱ्या कुठल्याही वेळी झाला असता तर अप्पांनी उठून त्याचा कान पिळला असता. पण पावणेसातला अप्पा डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेले असत. पूजेत बोलायचं नाही आणि उठायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. मागे टुण् असा आवाज व्हायचा, निळा उजेड भिंतीवर पडायचा आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाला भुवया उडवण्यापलीकडे काही करता येत नसे.

भुवयांची भाषा त्यांच्या बायकोला, केवळाबाईंना, येत नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पंखा बंद केला. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाल्या, "काय पाहिजे ते तोंडानं सांगा की!" पूजा आटोपून अप्पा उठेपर्यंत कॉम्प्युटर पुन्हा गाढ झोपलेला असायचा.

हा कॉम्प्युटर त्यांना सुकन्येनं घर सोडण्याआधी घेऊन दिला होता. सुकन्या ही एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी अप्पांनी निलंग्याचं एक स्थळ पाहिलं आणि तिला न विचारता सुपारी फोडून टाकली. दुसऱ्या दिवशी तिनं नाही म्हटलं आणि आठवड्याच्या आत नोकरीसाठी हैदराबाद गाठलं. "मी चार माणसांत शब्द दिला होता," म्हणत अप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन यायचा तो केवळाबाईंना. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे फोन स्पीकरवर असायचा आणि अप्पा शेजारीच पेपर वाचायचं सोंग करत बसायचे.

"दसऱ्याला येतीस का गं?" केवळाबाईंनी विचारलं. त्यांचा सगळा जीव त्या दसऱ्यात अडकला होता.

"अप्पा ये म्हणाले तर येते."

केवळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पान उलटलं. "तिला सांग, येणाऱ्याला कोणी अडवलं न्हाई."

"त्यांना सांग, बोलावल्याबिगर मी येणार न्हाई."

केवळाबाईंना सांगायचं काही उरत नसे, कारण दोघांनीही एकमेकांचं ऐकलेलं असे.

आता अप्पा मुलीशी बोलत नव्हते हे खरं, पण रोज दुपारी ते टाइपिंगचा सराव करत. सरावाला मजकूर हवा म्हणून पत्र लिहीत. 'चि. सुकन्यास अनेक आशीर्वाद' अशी सुरुवात आणि 'कळावे' असा शेवट. पत्र पाठवायचं नसल्यामुळे त्यात खरं लिहिता यायचं. गुडघा धरतो, पेरू यंदा लई लागलेत, तुझ्या आईचं वरण अलीकडे खारट होतंय. सगळी पत्रं एकाच फाइलमध्ये एकाखाली एक आणि फाइलचं नाव 'सराव'.

पुढच्या रविवारी फोनवर सुकन्या म्हणाली, "आई, वरणात मीठ जरा कमी टाक. अप्पांना बीपी हाय."

फोन बंद होताच केवळाबाई नवऱ्याकडे वळल्या. "माझ्या वरणाची चुगली तुम्ही केलाव?"

"मी बोलतो का तिच्याशी?" अप्पा म्हणाले. वरणातलं मीठ मात्र त्या दिवसापासून पार गेलं.

दरम्यान अप्पांना कोणीतरी सांगितलं की माउस नुसता थरथरला तरी कॉम्प्युटर उठतो. भिंतीपलीकडे रामलिंगची पिठाची गिरणी होती. अप्पा तडक तिथे गेले.

"रामलिंग, तुझ्या गिरणीनं माझं कंप्यूटर उठायलंय. साडेसहा ते साडेसात बंद ठेवायची."

"सर, तवाच तर बाया शेतातून येतेत!"

"आठ दिवस फक्त."

रामलिंग चौथीत अप्पांच्या हाताखाली होता आणि त्या हाताची आठवण त्याला अजून होती. त्यानं गिरणी बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी ज्वारीचे डबे घेऊन सात-आठ बायका अप्पांच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"सर, भाकरी कशाच्या करावं? कंप्यूटरच्या?" राजकन्या नावाची एक ठसक्यातली बाई दारातून ओरडली.

अप्पा पूजेत होते. त्यांनी भुवया उडवल्या. तेवढ्यात मागे टुण् झालं आणि भिंत निळी झाली.

"गिरणी तर बंद हाय की वो सर!" राजकन्येनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. चूक झाल्यावर माफी मागावी हे अप्पांनी हजारभर मुलांना शिकवलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा ते डोळे मिटून बसून राहिले. गिरणी त्याच संध्याकाळी सुरू झाली.

शेवटी सोमवारी लातूरहून वीरेश आला. त्याचं तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं अर्धा तास पडद्यात डोकं घातलं आणि म्हणाला, "सर, हे आपोआप उठत न्हाई. नेटमधून बाहेरचं कोणीतरी उठवायलंय."

"कोण?"

"ते न्हाई सांगता येत. पण रोज येतंय आणि एकच फाइल उघडतंय. 'सराव' म्हणून."

दोन वर्षांचं मन कोणा परक्यानं वाचलं होतं! "चोर हाय, चोर! बंद कर. कोणाला आत पाऊल टाकता येऊ नये."

"केलं बघा," थोड्या वेळानं वीरेश म्हणाला. "उठवायची परवानगी काढली, शिरायचा रस्ताही बुजवला. आता तुम्ही स्वतः बटण दाबल्याबिगर हालणार न्हाई."

त्या संध्याकाळी पूजा निवांत झाली. मंगळवारी दुपारी अप्पा टाइपिंगला बसले. आता चोर गेला होता, वाचणारं कोणी उरलं नव्हतं. मनात फार दिवस साठलेलं लिहायला हरकत नव्हती. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'सुपारी फोडण्याआधी तुला विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं. दसऱ्याला ये.' मग मुख्याध्यापकाच्या सवयीनं शुद्धलेखन तपासलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

शनिवारी दसरा झाला. केवळाबाईंनी पुरणाच्या पोळ्या केल्या आणि दिवसभर कोणाशी धड बोलल्या नाहीत. रामलिंग सोनं द्यायला आला, तेव्हा त्यानं भीत भीत विचारलं, "आता झोपतंय का वो सर?"

"एकदम गाढ," अप्पा म्हणाले.

रविवारी फोन आला. सुकन्येचा आवाज बसल्यासारखा होता. "आई, अप्पा बरे हायत ना?"

"बरे हायत की. पेपर वाचायलेत."

"मग आठवडा झाला, कंप्यूटर का उठंना?"

इकडे पेपर हळूहळू खाली आला.

"काय उठंना? काय गं?" केवळाबाईंनी विचारलं.

"आई, ते कंप्यूटर मी उठवत होते. बिघडलं तर इथून दुरुस्त करता यावं म्हणून निघताना तशी सोय करून ठेवली होती. एक दिवस 'सराव' दिसलं. पत्रं माझ्याच नावाची होती, म्हणून वाचत गेले. अप्पा पूजेत असले की उठत न्हाईत, म्हणून ती वेळ."

केवळाबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "घ्या. सापडला तुमचा चोर."

"तिला सांग," अप्पा म्हणाले, "मंगळवारचं वाच म्हणावं."

"मंगळवारचं कसं वाचू? सोमवारपासून उघडतच न्हाई."

केवळाबाईंनी स्पीकर बंद केला आणि फोन अप्पांच्या हातात दिला. "काय ते तुमचं तुम्ही सांगा. मला कमी ऐकू येतंय." त्या आत निघून गेल्या आणि दाराआड उभ्या राहिल्या.

अप्पांनी फोन कानाला लावला. "सुके."

"अप्पा?"

"त्यात लिहिलं होतं... सुपारीच्या आधी तुला विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं. आणि दसऱ्याला ये, असं."

तिकडे ती रडत असल्याचं कळलं.

"चार दिवस सुट्टी होती, अप्पा. बॅग भरून ठेवली होती. नुसतं ये वाचायला मिळालं असतं तरी निघाले असते. रोज पावणेसातला बघत होते. उठलंच न्हाई."

"मग आता ये."

"उद्या सकाळी ऑफिस हाय. सुट्टी संपली."

"हां," अप्पा म्हणाले. वीरेशला दिलेला 'बंद कर'चा हुकूम त्यांना आठवला आणि स्वतःचीच चीड आली. आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण ते सगळं त्यांना लिहूनच येत होतं. मुलीशी फोनवर बोलणं कसं संपवतात हेही ते दोन वर्षांत विसरले होते.

"कळावे," ते म्हणाले, आणि फोन तसाच कानाशी धरून बसून राहिले.