ठोंबरेकाकांची पचमढी

आईच्या तेरवीला ठोंबरेकाका आले, तेव्हा त्यांनी तिच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बाजूच्या, पचमढीचा फोटो असलेल्या कॅलेंडरसमोर डोळे बारीक करून उभे राहिले. मला वाटलं, माणूस गहिवरला. जवळ गेलो, तर खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "हा फोटो उलटा छापला आहे गा. धूपगडचा डोंगर इकडे नाही, तिकडे पाहिजे." आणि जाऊन पंगतीत बसले.

नागपूरच्या नंदनवनात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. ऐंशी ओलांडलेली, सरकारी खात्यात नकाशे काढण्यात नोकरी संपली. नकाशे सुटले, तेव्हा माणूस गप्प बसेल अशी आमची भाबडी समजूत होती. पण त्यांना आधीपासूनच दुसरं वेड होतं: पचमढीचे जुने फोटो. इतवारीतले भंगारवाले, जुन्या बंगल्यांची रद्दी, मेलेल्या वकिलांचे आल्बम, जिथून मिळेल तिथून ते उचलून आणत. लोखंडी कपाट भरलं, दिवाण भरला, मग काकूंच्या साड्या एका पेटीत गेल्या.

त्यांच्या घरी पाहुण्याच्या हातात पाण्याच्या पेल्याआधी भिंग येतं. फोटो एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला साहेब, धबधब्याकाठी टोप्या घालून बसलेल्या मडमा, चर्चसमोर टांगा. आपण बिचारे वाघ पाहतो. लगेच काका म्हणतात, "वाघ काय पाहून राहिला? मागं पाह्य." मागे कोणीतरी फेटेवाला छत्री धरून उभा असतो. त्यात काय पाहायचं, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. लोक "छान आहे" म्हणतात आणि पाणी मागतात.

पचमढीजवळच्या नागद्वारीची यात्रा करून आलेल्यांचा तर ते भर रस्त्यात पाणउतारा करायचे. डोंगर चढून पाय सुजलेल्या माणसाला विचारायचे, अमुक बंगल्याच्या मागची पागा पाहिली काय? तो म्हणायचा, मी देवाला गेलो होतो. काका मान हलवायचे, जणू हा माणूस डोळे घरी ठेवून गेला होता.

एका वर्षी सोसायटीच्या गणपतीत त्यांनी पडद्यावर फोटो दाखवत भाषण ठोकलं. दीड तास. शेवटी कोणीतरी सहज विचारलं, काका, धूपगडावर थंडी किती असते? काका पुढचा फोटो लावायला वळले. मग बायकांच्या बाजूने काकूंचा आवाज आला, "ते काय सांगतीन? ते कधी गेलेच नाही तिथं."

सगळ्यात जास्त मी हसलो. ज्या माणसाने आम्हा सगळ्यांना पचमढीवरून अडाणी ठरवलं, त्याने पचमढी पाहिलीच नव्हती. पुढे महिनाभर जिन्यात भेटले की मी थंडीची चौकशी करायचो.

हिवाळ्यात मी नवी गाडी घेतली आणि त्यांना म्हटलं, चला, तुम्हाला तुमचं गाव दाखवून आणतो. यात माया नव्हती. खऱ्या पचमढीत हा माणूस कसा तोंडावर पडतो, ते मला जवळून पाहायचं होतं. त्यांनी आधी नाही म्हटलं. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घेऊन जा गा त्यायले. आता नाही गेले तर राहूनच जाईन."

छिंदवाड्यापर्यंत काका बोलत होते. तामियाचा घाट लागल्यावर ते सारखे शर्टाचा खिसा चाचपू लागले. आणि वर पोचल्यावर माझ्या मनासारखं झालं. त्यांना काहीच ओळखू येईना. पागेच्या जागी हॉटेल होतं. त्यांच्या फोटोतल्या माळावर जीपगाड्या लागल्या होत्या. एका आइस्क्रीमवाल्याला ते विचारत होते की इथला टांग्यांचा अड्डा कुठे गेला, आणि तो त्यांना पुन्हापुन्हा कोन देऊ का म्हणून विचारत होता. मी गाडीला टेकून मजा पाहत होतो.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक फोटो काढला. हा मी कधी पाहिला नव्हता. बंगल्याचा व्हरांडा, खुर्च्यांवर साहेब आणि मडम, पायाशी कुत्रा, मागे सहा माणसं. खाली पांढऱ्या शाईने इंग्रजीत साहेबाचं नाव होतं, मडमेचं होतं, कुत्र्याचंही होतं. मागच्या सहांसाठी एकच शब्द: नोकर. मी फोटो उलटला. पाठीवर काकांच्या नकाशातल्यासारख्या अक्षरात एक ते सहा आकडे आणि चार आकड्यांपुढे पेन्सिलीने नावं. वर्षानुवर्षं पत्रं पाठवून, माणसं गाठून त्यांनी ती मिळवली होती. तीन आणि सहा रिकामे होते.

तो बंगला अजून होता. तिथल्या चौकीदाराने फोटो पाहून आम्हाला बाजारामागच्या गल्लीत एका म्हातारीकडे पाठवलं. फूलवतीबाई ओट्यावर ऊन खात बसली होती. नातसुनेने चष्मा आणून दिला. तिने फोटो नाकाजवळ नेला, साहेबाकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि तिसऱ्या माणसावर बोट ठेवलं. हसऱ्या तोंडाचा, बुटका, कमरेला पट्टा बांधलेला.

"बाबूजी," ती म्हणाली.

काकांनी तिला नीट पाहायला सांगितलं. तिने पाहिलं. काकांनी परत विचारलं, नक्की का? म्हातारी चिडली. आपल्या बापाला मी ओळखणार नाही का, असं हिंदीत सुनावलं आणि फोटो कपाळाला लावला. तिच्या घरी बापाचा एकही फोटो नव्हता.

काकांनी तिच्या बापाचं नाव विचारलं, पेन्सिलीने तीनपुढे लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. मला म्हणाले, फोनमध्ये काढून घे. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले. मग जो माणूस पाहुण्याला फोटोच्या कडेलाही बोट लावू देत नाही, त्याने तो अस्सल फोटो म्हातारीच्या मांडीवर ठेवला आणि ओट्यावरून उतरला.

घाट उतरताना मी विचारलं, अस्सल काहून दिला?

काकांनी काच खाली केली. मग बोलू लागले, खिडकीबाहेर पाहत. पूर्वी उन्हाळ्यात नागपूरचं सरकारच पचमढीला चढायचं, साहेब, फायली आणि शिपाई. त्यांचा बाप असाच एका साहेबाबरोबर शिपाई म्हणून गेला आणि तापाने तिथेच वारला. काका तेव्हा दोन वर्षांचे. आईने पुढे त्या गावाकडे जायचं नाही म्हणून शपथ घातली होती. तो साहेब म्हणजे हाच, फोटोत खुर्चीवर बसलेला.

"पण मले बापाचा चेहराच माहीत नाही," काका म्हणाले. "सापडला तरी ओळखू कसा? म्हणून बाकीच्यायचे नावं शोधून राहिलो होतो. राहीन तो माहा." मग म्हणाले, "तीन नंबरचा हसून राहिला होता ना. मले वाटे, तोच असंन."

तामियाला चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा त्यांनी माझा फोन मागितला. मी फोटो काढून दिला. त्यांनी सहावा माणूस मोठा केला. फोटो घेताना तो हलला होता. फेटा दिसत होता, दोन हात दिसत होते, चेहऱ्याच्या जागी धुरकट पट्टा. काका भिंगाशिवाय पाहत राहिले.

"आई म्हणे," ते म्हणाले, "तुह्या बापाले एका जागी उभं राहताच येत नव्हतं."

नागपूर येईपर्यंत फोन त्यांच्याच हातात होता. स्क्रीन विझली की ते बोट लावून उजेड करत. मध्ये दोनदा माझ्या बायकोचा फोन आला. त्यांनी मला विचारलं, घेऊ का? मी म्हटलं, राहू द्या.