विकत न घेणाऱ्यांचा गट

हिंगणीत हृदय तपासणारं पथक आलं, तेव्हा विमलाबाईंना वाटलं, पांडुरंगानंच पाठवलं. कीर्तनात गजर चढला की त्यांच्या नवऱ्याचा, नत्थूजींचा टाळ वर जाई आणि श्वास खालीच राही. 'विठ्ठल' म्हणताना ते 'विठ्'वर थांबत, छाती दाबून धरत आणि उरलेला देव पुढच्या फेरीत घेत. तीस वर्षं त्या आवाजामागे टाळ्या वाजवलेल्या बाईला हे ऐकवत नव्हतं.

पथकाचा विषय गंभीर होता. कोणत्या तंबाखूनं हृदयाचं किती बिघडतं, हे ठरवायचं होतं. प्रमुख वर्षाली मॅडमनी गावाची शास्त्रशुद्ध वाटणी केली. बिडीवाले निंबाखाली, सुपारी-तंबाखू घोटून खाणारे खर्रेवाले देवळाच्या ओट्यावर, दातांना तंबाखूची गुडाखू घासणाऱ्या बाया शाळेच्या सावलीत. एका माणसाला एकच पदार्थ, अशी अट. कैलास तिन्ही बाळगून होता, म्हणून त्याला तिन्ही ठिकाणांहून उठवलं.

"मंग म्या कुठी बसू?"

"तुम्ही घरी बसा."

पुनाजीनं बिडी सोडायचं ठरवलं होतं. ते ऐकून मॅडमचा चेहरा उतरला. "आत्ताच नका सोडू, काका. गट लहान होतो. अहवाल निघाला की खुशाल सोडा." पुनाजी भला माणूस. विज्ञानासाठी त्यानं ओढणं चालू ठेवलं.

अडलं ते तंबाखू न खाणाऱ्यांच्या गटापाशी. तुलनेला तो हवाच होता. पथकाच्या व्याख्येप्रमाणे खाणारा म्हणजे विकत घेणारा, कारण खरेदी मोजता येते. नत्थूजींनी ताबडतोब हात वर केला. त्यात खोटं काहीच नव्हतं. हिंगणीत खर्रा कोणी एकट्यानं खात नाही. एकजण घोटतो, प्लास्टिकची पन्नी उघडतो आणि आधी समोरच्यापुढं धरतो. नाही म्हणणं म्हणजे त्याच्या दारचं पाणी नाकारणं. नत्थूजींनी आजवर कुणाचं मन मोडलं नव्हतं, आणि गाव मोठं होतं.

"अवो, खोटं काऊन बोलून राह्यले?" विमलाबाई सर्वांदेखत म्हणाल्या. "आत्ता गालात हाये ना!"

"तो कैलासचा हाये."

"काकू, ज्यानं घेतला त्याच्याच नावावर धरतात," मॅडमनी समजावलं. आणि कैलास तर अभ्यासातच नव्हता. म्हणजे तो खर्रा शास्त्राच्या दृष्टीनं कुणीच खाल्ला नव्हता.

नत्थूजींना 'तंबाखूमुक्त नागरिक' असा बिल्ला मिळाला. अभिनंदनाला आलेल्या प्रत्येकानं पन्नी पुढं केली.

पुढं अहवाल आला. सर्वांत वाईट हृदयं तंबाखूमुक्त गटात निघाली. खर्रेवाल्यांची त्यामानानं बरी होती, कारण बिचारे विकत घेऊन बराचसा वाटूनच टाकत. निष्कर्ष सरळ होता: तंबाखू न खाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. ती काळजी म्हणून गावातल्या दोन निर्व्यसनी माणसांनी खर्रा सुरू केला.

विमलाबाई नवऱ्याला घेऊन वर्ध्याला डॉक्टरकडे गेल्या.

"तंबाखू?"

"खातेत, साहेब. झोपीतून उठले का खातेत!"

डॉक्टरांनी नत्थूजींच्या सदऱ्यावरचा बिल्ला वाचला. "बाई, एवढ्या मोठ्या अभ्यासापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?" मग नत्थूजींकडं सहानुभूतीनं पाहून त्यांनी निदान केलं: घरातली कटकट. विमलाबाईंना कमी बोलण्याचा सल्ला मिळाला.

काल्याच्या कीर्तनाला मांडव गच्च भरला. बुवा व्यसनावर बोलत होते. त्यांनी विचारलं, "तंबाखू न खाणारे किती? हात वर करा." सगळा मांडव वर झाला. खूश होऊन बुवांनी गजर धरला. नत्थूजी उभे राहिले, 'विठ्'पर्यंत पोचले आणि खाली बसले. टाळ घरंगळत पायरीशी गेला. या वेळी पुढची फेरी आली आणि गेली, उरलेला देव काही त्यांच्या तोंडून निघेना.

"गाडी काढा रे!" विमलाबाई ओरडल्या.

कैलास सगळ्यांच्या आधी धावला. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला हाताशी जे होतं, ते त्यानं उघडून पुढं केलं. "घ्या भाऊ, जरासं. बरं वाटंल."

नत्थूजींची दोन बोटं सवयीनं वर आली. विमलाबाईंनी ती मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं पन्नी मांडवाबाहेर भिरकावली. सारा मांडव चपापला. कुणीतरी हळूच म्हणालं, "असं करतेत का? कैलासले काय वाटलं असंन!"

तुम्हालाही जरा तसंच वाटलं ना? साहजिक आहे. तुम्ही तरी कुठं कधी विकत घेतला?