आदर्श सायकलस्वार

चंद्रभानला स्वतःविषयी फारशा खात्र्या नव्हत्या, एकच होती. अकोल्यात त्याच्याइतकी नियमाने सायकल कुणी चालवत नाही! रस्ता रिकामा असला तरी तो वळणावर घंटी वाजवी. म्हणून १९६२ साली वाहतुकीच्या नियमांवर छोटा चित्रपट काढायला मुंबईची मंडळी आली, तेव्हा वाचनालयातला हा लाजाळू कारकून आयुष्यात प्रथमच आपणहून पुढे झाला. आदर्श सायकलस्वार म्हणून.

बेफाम मोटारवाला म्हणून त्याचाच शेजारी उस्मान मिळाला. उस्मान डॉक्टरांची जीप इतकी सावकाश चालवी, की पेशंट पायी आधी पोचत.

"भाऊ, मले काहून राक्षस करून राह्यले हे लोकं?" उस्मान कुरकुरला.

"सिनेमात खरं तेच दाखवतात," चंद्रभान म्हणाला. "तुम्ही मोटारवाले आम्हाला चिरडायलाच निघालेले असता."

ठरलं असं, की चंद्रभानने सरळ जायचं आणि उस्मानने भोंगा वाजवत मागून अंगावर यायचं. कॅमेरा सुरू झाला. चंद्रभान ताठ मानेने निघाला, आणि समोरून नत्थुजी मास्तर आले. चौथीला शिकवलेले. मास्तर पायी आणि आपण सायकलवर, हे त्याच्या हाडांना सोसणारं नव्हतं. त्याने भर रस्त्यात उडी मारली आणि मास्तरांचे पाय धरले. सायकल एकटीच पुढे गेली. उस्मानने जीप वळवली, ती थेट सरकीने भरलेल्या बैलबंडीत.

"डोये फुटले का बे तुये?" बंडीवाल्याने उस्मानलाच धरलं. डॉक्टरांनी त्याला कामावरून काढलं. चूक आपली होती हे सांगायला चंद्रभान तीनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत गेला, आणि तीनदा नुसती घंटी वाजवून परत आला.

दोन महिन्यांनी शाळेच्या मैदानावर पडदा लागला. चंद्रभानच्या बायकोने, सुभद्राने, सगळी गल्ली गोळा करून आणली होती. पुढच्या खुर्चीवर डॉक्टर.

पडद्यामागून भारदस्त आवाज आला, "पाहा हा बेजबाबदार सायकलस्वार! आणि प्रसंगावधान राखून त्याचा जीव वाचवणारा हा दक्ष चालक!"

चंद्रभानची उडी दोनदा दाखवली. दुसऱ्यांदा अगदी सावकाश.

"काहो, हे तुमीच आहा ना?" सुभद्राने विचारलं. तो नाही म्हणणार होता, पण टोपी ओळखीची होती.

डॉक्टर मागे वळले. "उस्मान, उद्यापासून ये कामावर."

चंद्रभानच्या छातीवरचा दगड उतरला. अब्रू गेली, पण उस्मानची नोकरी आली. आता तरी चारचौघांत त्याची माफी मागावी, असा त्याने निश्चय केला. तेवढ्यात लोकांच्या आग्रहाखातर तोच प्रसंग पुन्हा लागला, नत्थुजी मास्तर पडद्यावर दोन पुरुष उंच झाले, आणि चंद्रभान हात जोडून ताडकन उभा राहिला.

मागून उस्मानचा आवाज आला, "भाऊ, खाली बसा. मास्तर मांगं बसले हायेत. त्याइलेच दिसून नाई राह्यलं."