एका पायपुसण्याची ऑर्डर

चार दिवसांची रजा मंजूर झाली त्या दुपारी प्रोग्रामरला आनंद झाला नाही, कारण आनंद व्हायलाही अंगात थोडी ताकद लागते. तीन वर्षांत त्यानं रजा म्हणून घेतली नव्हती. बायको मुलांना घेऊन भावाकडे जाणार होती, तेरा ते सोळा तारखेला घर रिकामं राहणार होतं, आणि त्या रिकाम्या घरात त्याला फक्त झोपायचं होतं. साहेबांची अट एकच, गोदामाचं काम उरकूनच जायचं.

काम म्हटलं तर किरकोळ. कंपनी घरगुती सामान घरपोच करायची. गिऱ्हाइकानं मागवलेल्या वस्तूंच्या नंबरांची यादी व्हायची. ते नंबर, मध्ये एकेक आडवी रेघ घालून, एका ओळीत जोडायचे आणि गोदामाला पाठवायचे. गोदामातलं म्हातारं मशीन रेघ दिसली की समजायचं, आता पुढची वस्तू. एवढ्याला प्रोग्रामरची एक ओळ पुरली. तपासायला म्हणून त्यानं घरची ऑर्डर वापरली. बायकोची यादी चादरीपासून चाळणीपर्यंत अकरा वस्तूंची होती आणि अकराही नंबर झकास जोडले गेले. त्याच्या घरातून कधी एकच वस्तू मागवल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, त्यामुळे तसंही करून बघावं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामवाल्या काकांचा फोन आला.

"अरे बाबा, लोकांना झालंय तरी काय? जो तो शिडी मागतोय!"

"मागू देत की, काका."

"मागू देत. पण शिडीबरोबर दोन-दोन बादल्या? माझी माणसं जिने चढून चढून अर्धमेली झालीत."

तेवढ्यात साहेब स्वतः टेबलापाशी आले. ते कधी येत नसत. "ऑर्डरी चौपट! याला म्हणतात काम!" म्हणून त्यांनी प्रोग्रामरच्या पाठीवर थाप मारली. प्रोग्रामरच्या मनात शंका आली होती, पण थकलेला माणूस शंकेलाही उद्या या म्हणतो.

शंका दुपारीच परत आली. फोनवर एक आजी होत्या.

"मी एक पायपुसणं मागवलं होतं हो."

"मिळालं नाही का, आजी?"

"नाही ना. शिडी मिळाली, दोन बादल्या मिळाल्या, आरसा मिळाला. तुमची माणसं चिखलाच्या पायांनी घरभर फिरली आणि पुसायला पायपुसणं नाही."

"पायपुसण्याचा नंबर काय होता?"

"एक दोन दोन सात."

शिडी एक नंबर, बादली दोन, आरसा सात. प्रोग्रामरनं आपली ओळ उघडून बघितली. मागवलेली वस्तू एकच असली की यादी होतच नाही, नुसता नंबर येतो. आणि जोड म्हणून सांगितलेल्या त्याच्या आज्ञाधारक ओळीला जोडायला दुसरं काहीच सापडलं नव्हतं, तेव्हा तिनं त्या नंबराचे आकडेच सुटे करून मध्ये रेघा घातल्या होत्या.

ओळ दुरुस्त करायला मिनिटभर लागलं. सामान मात्र दोनशे घरांत पोचलं होतं आणि ते परत आणणं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास काढणं. कुणी म्हणे, "शिडी राहू दे, माळ्यावरचं काढायचंच होतं." कुणी आरशासाठी भिंतीला भोक पाडून बसलं होतं आणि भोकाचं काय ते विचारत होतं. एका एकट्या राहणाऱ्या गृहस्थांनी उशी मागवली होती. तिचा नंबर चार वेळा नऊ, आणि नऊ नंबरचं सामान म्हणजे इस्त्रीचं टेबल. चारही टेबलं माणसांनी दारातच रचून ठेवली होती आणि गृहस्थ आत होते.

"मला उशी नको, मला बाहेर काढा!" ते फोनवर ओरडत होते.

"काय हे?" साहेब म्हणाले. सकाळची थाप ते विसरले होते. "सगळं निस्तरल्याशिवाय कसली रजा नि काय!"

तेरा तारखेला बायकोनं स्टेशनवरून फोन केला. "आम्ही निघालो. आता तू मस्त झोप काढ." प्रोग्रामर तेव्हा इस्त्रीच्या टेबलांची तिसरी यादी करत होता. तो नुसतं हं म्हणाला. त्याला रडू येत होतं, पण त्यासाठीही वेळ नव्हता.

चौदा तारखेच्या संध्याकाळी साहेबांना त्याची दया आली. "तुमचं तोंड बघवत नाही हो. सोळा तारखेची एक दिवस रजा टाका. मी मंजूर करतो." सोळा, म्हणजे घर रिकामं असण्याचा शेवटचा दिवस. प्रोग्रामरनं तिथल्या तिथे अर्ज भरला. चार दिवसांचा एक दिवस झाला होता, पण बुडत्याला काडीचा आधार.

पंधरा तारखेला, तो दप्तर आवरत असताना, रजेचं काम बघणाऱ्या बाई आल्या.

"तुमची रजा मंजूर झाली."

"देव पावला, बाई."

"पण ती भोगूनही झाली. एक तारखेची एक आणि सहा तारखेची एक. दोन दिवस कापले गेलेत, साहेबांची सही झालीय. उद्या यावं लागेल तुम्हाला."

प्रोग्रामरनं आवरलेलं दप्तर परत खाली ठेवलं. रजेचा प्रोग्राम त्यानंच गेल्या आठवड्यात बाईंना करून दिला होता, आणि वेळ वाचावा म्हणून गोदामाची ती ओळ, दुरुस्तीच्या आधीची, उचलून त्यात तशीच चिकटवली होती. एका दिवसाच्या रजेचा तिथला पहिला अर्ज त्याचाच.

"अहो, पण एक आणि सहा, दोन्ही दिवस मी इथे बसून काम करत होतो!"

बाईंनी हजेरीपट उघडला, दोन्ही तारखांवर बोट ठेवून नीट बघितलं आणि चष्मा वर केला.

"तेच विचारायला साहेबांनी पाठवलंय. रजेवर असताना ऑफिसात काय करत होतात?"